खिशातला उजवा हात

'हा तर माझ्या डाव्या हातचा मळ' असं कोणी ऐटीत म्हणालं की मी काही बोलत नाही. मनात म्हणते, ये बाबा एकदा लालबागला आमच्या हॉलवर. तुझ्या डाव्या हातात किलोभर वजनाचं पिस्तूल देते, दहा मीटरवरचा नखाएवढा ठिपका दाखवते, मग बघू मळ कुणाचा निघतो ते.

तीस वर्षं मी लोकांना नेमबाजी शिकवली. दिवसा सरकारी कचेरीत फायली आणि संध्याकाळी हॉल. हॉल म्हणजे एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची लांबडी खोली, एका टोकाला टेबलं आणि दुसऱ्या टोकाला कागदी निशाणं. पिस्तूल हवेच्या दाबावर चालणारं. त्यातून बारीक शिशाचा छर्रा सुटतो, आवाजही टाळी वाजवल्याएवढाच. तरी माझ्या माहेरी, फणसवाडीत, आत्या शेवटपर्यंत विचारत होती, "अगं, सगळं खरं, पण मारायचं कोणाला?" कोणाला नाही गं आत्या, कागदाला.

नवख्या माणसाला समजावं म्हणून थोडं सांगते. हे पिस्तूल सिनेमात धरतात तसं दोन हातांनी धरायचं नसतं. एकाच हाताने, हात पूर्ण लांब करून. दुसरा हात खिशात घालायचा नाहीतर पट्ट्यात अडकवायचा. तो रिकामा हात हलता कामा नये, कारण तो हलला की खांदा हलतो, खांदा हलला की नेम गेला. म्हणजे एक हात काम करणार आणि दुसरा गुपचूप पडून राहणार. आम्ही शिकवणारे सगळं लक्ष काम करणाऱ्या हाताकडे देतो. खिशातल्या हाताकडे बघतंय कोण!

बहुतेक लोक आपला नेहमीचाच हात वापरतात. पण काहींचा उजवा हात चांगला असतो आणि नजर डावी असते, म्हणजे दोन डोळ्यांत डावा डोळा वरचढ. काहींचा हात मोडलेला असतो. अशांना डावा हात शिकवावा लागतो, आणि ते काम या शहरात त्या काळी फारसं कोणी अंगावर घेत नसे. मी घ्यायची. मला त्याचा गर्व होता, अजूनही थोडा आहे.

माझी पद्धत अशी होती. पहिले चाळीस दिवस पिस्तूल दाखवायचंसुद्धा नाही. दात डाव्या हाताने घासायचे, कुलूप डाव्या हाताने उघडायचं, चहा डाव्या हाताने ओतायचा, केस विंचरायचे, भांडी घासायची. आणि शिष्य जे करेल ते मीही करायची, नाहीतर त्याच्या हातात काय होतंय ते मला कसं कळणार? त्या चाळीस दिवसांत अँटॉप हिलच्या आमच्या क्वार्टरमध्ये रोज महाभारत. मी डाव्या हाताने भात कालवायला लागले की सासूबाई ताट उचलून आत निघून जायच्या. "देवाला फूल त्या हाताने वाहिलंस तर याद राख," त्यांनी बजावलं होतं. देवाला मी सूट दिली होती.

आता एक गोष्ट सांगते, हसू नका. त्या चाळीस दिवसांत कधीतरी एक सकाळ येते, तेव्हा डावा हात न सांगता काहीतरी करतो. दादरच्या एका बँकेतल्या बाई माझ्याकडे यायच्या, अगदी व्यवहारी, देवाधर्माचंही वेड नाही. पाचव्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "मॅडम, मी उजव्या हाताने भाजी चिरत होते. दूध उतू जाणार होतं. डाव्या हाताने गॅस बंद केला."

"मग छान की!"

"छान काय? मला दूध दिसलंच नव्हतं. गॅस बंद झाल्यावर मी मान वळवली."

मी म्हटलं, वास आला असेल, कानाला आवाज लागला असेल, डोक्याच्या आधी हाताला कळलं असेल. बाई म्हणाल्या, "असेल. पण मला घरात आणखी एक माणूस नको." दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. मी तेव्हा हसले होते.

कागदाविषयीही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. निशाणाच्या कागदाकडे आम्ही घड्याळासारखं बघतो. वर बारा, खाली सहा. उजव्या हाताने मारणारा माणूस घाबरला, त्याने चाप हळू दाबायच्या ऐवजी हिसका दिला, की छर्रा खाली डावीकडे जातो, सातच्या जागी. डावखुऱ्याने तोच हिसका दिला की खाली उजवीकडे, पाचच्या जागी. हाताची ठेवणच तशी आहे. त्यामुळे माणूस कोण हे न बघता नुसता कागद दाखवला तरी मी सांगायची, हा उजवा, हा डावा, हा घाईतला, हा घरून भांडून आलेला. शिष्य चकित व्हायचे. मी त्यात काही नाही असं दाखवायची, पण मनातून फुगायची.

आता सिरिल.

सिरिल गिरगावातला शिंपी. शिंपी म्हटलेलं त्याला आवडायचं नाही, 'कटर' म्हणायचं. चर्चमधल्या लग्नाचे सूट कापावेत तर त्यानेच. खडूची रेघ न मारता नुसत्या नजरेने कोटाची बाही कापायचा. त्याचे आजोबा-पणजोबा याच मुंबईतले, गिरगावातल्या वाडीत त्यांचं लाकडी घर, तळमजल्यावर दुकान. बायको ग्लोरिया मशीनवर, हा कात्रीवर. मूलबाळ नाही. संध्याकाळी दुकान तिच्यावर टाकून हा माझ्या हॉलवर यायचा. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून मला 'टीचर' म्हणायचा. पंधरा वर्षं तो येत होता आणि पंधरा वर्षं त्याची राज्य स्पर्धेची पात्रता दोन-चार गुणांनी हुकत होती. दरवर्षी म्हणायचा, "टीचर, पुढच्या साली बघ."

एका दुपारी कापता कापता त्याच्या हातातून कात्री पडली. त्याने ती उचलायला हात नेला तर हात गेलाच नाही. अर्धांगवायूचा झटका, उजवी बाजू. जीभ महिन्याभरात सुटली, पाय लंगडत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. बोटांना स्पर्शही नीट कळेना. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल, व्यायाम करत राहा.

पाचव्या महिन्यात दोघं हॉलवर आली. ग्लोरियाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की तिला यायचं नव्हतं.

"उजव्याची वाट बघून कंटाळलो, टीचर," सिरिल बोलला. "डाव्याला शिकव."

"त्याला बोल ना, टीचर," ग्लोरिया म्हणाली. "एक्सरसाइज करायला कंटाळा करतो. मला तो कात्री धरायला पायजे. बंदूक धरून काय करू?"

"कात्री धरायला हात पायजे ना! नाय तो हात. मेला," सिरिल म्हणाला आणि डाव्या हाताने त्याने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, एखादी पिशवी ठेवावी तसा.

मी ग्लोरियाला म्हटलं, "अगं, मन रमेल त्याचं. माणूस उभा राहिला तर हातही उभा राहील." खरं सांगायचं तर त्या वेळी मी हाताचा विचारच करत नव्हते. पंधरा वर्षं पात्रता हुकलेला माणूस मी डाव्या हाताने राज्य स्पर्धेला नेला, असं लोकांनी म्हणावं, हे माझ्या डोक्यात त्याच क्षणी शिरलं होतं.

चाळीस दिवस त्याने मी सांगितलेलं सगळं केलं. एक गोष्ट सोडून. क्रूस काढायचा तो उजव्याच हाताने, म्हणजे डाव्या हाताने उजवा हात मनगटापाशी धरून कपाळाला लावायचा, मग छातीला, मग दोन्ही खांद्यांना. "हे डाव्याला नाय शिकवायचं," म्हणाला. मला सासूबाई आठवल्या.

चिंचपोकळीच्या एका सुताराकडून मी त्याच्या डाव्या पंजाची लाकडी मूठ कोरून घेतली. मग नुसता चाप ओढण्याचा सराव. छर्रा नाही, निशाण नाही, समोर कोरी पांढरी भिंत, आणि दिवसाला तीनशे वेळा चाप. कट्. कट्. कट्. डावा हात शिकत गेला. कटरची नजर होतीच. चौथ्या महिन्यात कागदावर भोकं मध्याजवळ गोळा व्हायला लागली. मी घरी येऊन नवऱ्याला सांगायची, हा माणूस मला म्हातारपणी नाव मिळवून देणार.

आणि मग भोकं सातच्या जागी जायला लागली.

पहिल्यांदा मला वाटलं कागद उलटा लावलाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दहातले सहा मध्ये आणि चार खाली डावीकडे, सातला. डाव्या हाताची चूक पाचला जाते. सातला जाते ती उजव्या हाताची. मी मूठ तपासली, उभं राहणं तपासलं, पिस्तूल स्वतः मारून बघितलं. पिस्तुलात खोट नव्हती. मी घरी जुन्या कागदांचं बाड काढलं. सिरिल धडधाकट होता तेव्हाचे कागद आणि आताचे शेजारी शेजारी ठेवले. तीच घाई, तोच उतार. पंधरा वर्षं मी पाहिलेली सही. उजव्या हाताची. आणि तो हात तर आता खिशात, मेलेला.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "अगं, कागदच तो." मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं."

पुढची गोष्ट भर दुपारची आहे. मी मुद्दाम त्याला हॉल रिकामा असताना बोलावलं होतं. खिडक्या बंद, पंखा बंद, कारण पंख्याने कागद हलतात. रस्त्याचा आवाज लांबून आल्यासारखा. मी म्हटलं, "आज उजवा हात खिशातून बाहेर काढ. असाच खाली सोड." आणि मी त्याच्या डाव्या हाताकडे पाठ करून, उजव्या बाजूला, जमिनीवर बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा मी शिष्याच्या रिकाम्या हाताकडे बघत बसले होते.

त्याने श्वास घेतला, हात उचलला, श्वास अर्धा सोडला. माझ्या डोळ्यांसमोर लोंबणाऱ्या पंजातलं पहिलं बोट वाकलं. हळूच, जसा चाप ओढावा तसं. आणि त्यानंतर पिस्तुलाचा आवाज आला.

नंतर. आधी बोट, मग आवाज.

"मार," एवढंच म्हटलं. पुन्हा बोट, मग आवाज. काही वेळा बोट वाकायचंच नाही, तेव्हा छर्रा मध्यात जायचा. वाकलं की सातला.

"सिरिल, तू उजवं बोट हलवतोयस."

"मी? मी काय केला नाय, टीचर."

"अरे, हलतंय ते."

त्याने मान खाली करून हाताकडे पाहिलं. म्हणाला, "मला नाय कळत. खरंच हलतो?" आणि त्याचे डोळे भरून आले. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी आज म्हणू शकत नाही.

मी आणखी एक प्रयोग केला. तो का केला, कोण जाणे. त्याला खुर्चीत बसवलं, माझ्याकडे पाठ, हातात काही नाही, डोळे मिटलेले. उजवा पंजा मांडीवर. त्याच्यासमोर, बाजूच्या भिंतीवर हात धुवायच्या बेसिनचा आरसा होता, त्यात मला त्याची मांडी दिसत होती. मी माझं पिस्तूल उचललं आणि आरशावर नजर ठेवून निशाणाच्या दिशेने मारायला सुरुवात केली. पाच वेळा मारलं. पाचातल्या तीन वेळा, मी चाप पूर्ण ओढायच्या आधी, आरशात ते बोट वाकलं.

तो माझा श्वास ऐकत असणार. पंधरा वर्षांची सवय, कानाला कळत असणार. मी स्वतःला हेच सांगितलं आणि आजही हेच मानते. पण सहावा छर्रा मी मारला नाही. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"टीचर," डोळे न उघडता सिरिलने विचारलं, "ग्लोरियाला सांगू?"

इथे माझी चूक झाली. दुसऱ्या कोणत्याही माणसाची झाली नसती. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याला जरी दाखवलं असतं, की अर्धांगाचा हात हलतोय, तरी तो म्हणाला असता, आधी डॉक्टरकडे पळा. ग्लोरियाने तर वाडीभर पेढे वाटले असते. पण आमच्या धंद्यात रिकाम्या हाताचं बोट हलणं याला एकच नाव आहे, दोष. एक हात आवळला की दुसरा त्याची नक्कल करतो, हे पहिल्या महिन्यात शिकवतात, आणि तो दोष काढायचा कसा तेही शिकवतात. मला हात जिवंत झालेला दिसला नाही. मला चार गुण जाताना दिसले.

मी म्हटलं, "आत्ता नको सांगूस. पात्रतेच्या स्पर्धेला तीन आठवडे आहेत. डॉक्टरांना कळलं तर ते सगळं बंद करायला लावतील. एवढी स्पर्धा होऊ दे, मग जा. हात कुठे पळून जातोय?"

"आणि हे बोट?"

"बांधू."

स्पर्धेत असलं काही बांधलेलं चालत नाही, म्हणून त्याआधीच सवय मोडायला हवी होती. मी त्याला कल्पना दिली आणि पट्टी त्यानेच शिवली. स्वतःच्या मशीनवर, डाव्या हाताने. रुंद लवचिक पट्टी, आत सागवानी फूटपट्टीचा तुकडा, बोटं सरळ राहावीत म्हणून. दोन्ही बाजूंना दुहेरी शिवण, कुठे एक टाका वाकडा नाही. मी हातात घेऊन म्हणाले, "वा रे मास्टर!" तो लाजला. ग्लोरियाला त्याने सांगितलं की पंजा आखडू नये म्हणून टीचरने दिलंय.

"सरावापुरती बांधू?" त्याने विचारलं.

"दिवसभर बांध. झोपतानासुद्धा. सवय मोडायची म्हणजे मोडायची."

पहिला आठवडा मी त्या पट्टीकडे बघत असायची. नेम धरला की पट्टीचं कापड एका जागी ताणलं जायचं. आतून कोणीतरी ढोसावं तसं. फूटपट्टीचा तुकडा किंचित कुरकुरायचा, मग पिस्तुलाचा आवाज. हॉलमध्ये इतर लोक असायचे, गप्पा चालायच्या, पण मला ती कुरकुर बरोबर ऐकू यायची. दुसऱ्या आठवड्यात ती कधीतरीच यायची. तिसऱ्या आठवड्यात पट्टी शांत झाली. मी ती सोडून पाहिली. पंजा खाली लोंबत होता, सिरिलने दहा छर्रे मारले, बोट एकदाही हललं नाही. सातची जागा कोरी.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शिकला बघ," म्हटलं.

स्पर्धेत तो पात्र ठरला. दोन गुण जास्त मिळवून. शेवटचा छर्रा मारून त्याने पिस्तूल ठेवलं, डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि क्रूस काढला. मी सगळ्यांसमोर रडले. लोक माझं अभिनंदन करत होते आणि मी ते घेत होते.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. ग्लोरियाने फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे मैद्याचे गोड गोळे, तळले होते, घरची वाइन काढली होती. तीही हसत होती, कितीतरी महिन्यांनी. सिरिल तिला म्हणाला, "बस इथं. तुला एक दाखवायचाय. तीन आठवडे लपवून ठेवलाय." त्याने उजवा हात टेबलावर ठेवला, डोळे मिटले, डावा हात पिस्तूल धरल्यासारखा पुढे केला. श्वास घेतला, अर्धा सोडला.

काही झालं नाही.

"काय बघू?" ग्लोरियाने विचारलं.

"थांब." पुन्हा श्वास. पुन्हा काही नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. पाच वेळा, दहा वेळा. मी बघत होते त्या बोटाकडे आणि मनातल्या मनात म्हणत होते, हल, हल रे बाबा, एकदा हल. टेबलावरचे फुगे गार झाले.

मग त्याने तिला सगळं सांगितलं. ती त्याच्यावर ओरडली नाही. माझ्याकडे वळली. "टीचर, तुला म्हायत होतं?"

"हो."

"आणि तू बांधायला लावलास."

"हो गं."

ती उठली, आत गेली, आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी परळच्या एका इस्पितळात गेलो. व्यायाम शिकवणारी डॉक्टर अगदी तरुण मुलगी होती, माझ्या शिष्यांच्या वयाची. तिने सगळं शांतपणे ऐकलं. किती दिवस हलत होतं, किती वेळा, आधी की नंतर. मी नेमकं सांगत गेले, ती लिहून घेत गेली. मग म्हणाली, "आणि मग तुम्ही काय केलंत?"

"बांधला. एकोणीस दिवस."

तिचं पेन थांबलं. "कुठला?"

"उजवा."

"आम्ही चांगला हात बांधतो, मॅडम," ती म्हणाली. रागाने नाही, समजावून सांगावं तसं. "चांगला बांधला की आजारी हाताला काम करावंच लागतं. आजाऱ्याला बांधलं तर तो विसरतो."

मी विचारलं, ते बोट म्हणजे हात परत येत होता का? ती म्हणाली, तसं खात्रीने कोणी सांगू शकणार नाही, नुसती नक्कलही असू शकते. "पण आम्हाला धरायला एक टोक मिळालं असतं," म्हणाली.

त्यांनी त्याचा डावा हात बांधला. सात-आठ महिने. तो शिकलेला, मी शिकवलेला हात जाड मोज्यात घालून ठेवायचे रोज काही तास. सिरिलला घास भरवायला ग्लोरिया, बटणं लावायला ग्लोरिया. राज्य स्पर्धा आली आणि गेली, तो गेला नाही. उजवा हात काही हलला नाही. शेवटी त्यांनी मोजा काढला. आता तो डाव्या हाताने कापतो, डावखुऱ्यांची कात्री मागवली आहे. कोट नाही जमत. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश.

मी शिकवणं सोडलं. लोकांना वाटतं गुडघ्यांमुळे.

सिरिलने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. तेच मला जड जातं. उलट मोजा काढल्यावर सहा महिन्यांनी त्याचाच फोन आला. "टीचर, एक काम होता. मला आतून लागतो, बोट ओढलाय असा. रोज लागतो. पण मी बघितला तर दिसत नाय, आणि ग्लोरिया बघायला नको बोलते. तू येऊन बघशील? तुझी नजर बारीक आहे."

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी मी गिरगावात जाते. दुकानात माझं एक स्टूल ठरलेलं आहे. कापायच्या टेबलावर पांढऱ्या कापडाची घडी, तिच्यावर उजवा पंजा पालथा. ग्लोरिया मशीनवर पाठ करून बसलेली असते. आता ती माझ्याशी बोलते, चहा देते, पण तेवढंच. सिरिल डोळे मिटतो, श्वास घेतो आणि म्हणतो, "आता." तो 'आता' म्हणाला की मशीन थांबतं. मी बघते. त्या दुकानात तेव्हा इतकी शांतता असते की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येतं. बघता बघता कधी कधी वाटतं, हललं. मग लक्षात येतं, माझीच पापणी लवली.

"हलला?"

"नाही रे."

मशीन पुन्हा सुरू होतं. असं दहा वेळा. मग चहा.

दोन वर्षं मी 'नाही' म्हणतेय. मागच्या महिन्यात गेले तर सिरिल तापातून उठला होता. गाल आत गेलेले, बोलताना दम लागत होता. मी म्हटलं, आज राहू दे. तो म्हणाला, नाय, बघ. पंजा कापडावर ठेवला, डोळे मिटले. ग्लोरियाची पाठ मला दिसत होती, तीही वाळली होती. पहिल्या चार वेळा मी नाही म्हटलं. पाचव्यांदा तो म्हणाला, "आता."

बोट हललं नव्हतं. मी नीट बघत होते. पण माझ्या तोंडून निघालं, "हलला."

मशीन थांबलेलंच होतं. सिरिलने डोळे उघडले नाहीत. तसाच म्हणाला, "टीचर, या वेळी मी ओढलाच नव्हता. नुसता 'आता' बोललो."

ग्लोरिया उठली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती टेबलापाशी आली आणि त्या हातावर वाकली. तिचा चेहरा असा उजळलेला मी त्या स्पर्धेच्या संध्याकाळनंतर पाहिला नव्हता. "म्हणजे तो आपला आपण हलला?" तिने मला विचारलं. "टीचर? आपला आपण?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं द्यायचं.

"नाही गं," मी म्हणाले. "मी खोटं बोलले."

ती तशीच वाकलेली राहिली. मग मशीनकडे परत गेली. सिरिलने डाव्या हाताने उजवा हात उचलला, कापडाची घडी नीट केली आणि हात पुन्हा तिच्यावर ठेवला.

"पाच राहिले, टीचर," तो म्हणाला. "नीट बघ."